चेहऱ्याला जामीन कोण?

केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील एका रुग्णालयातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना २०२३ साली एक कोडे पडले. मूत्रपिंडाची गाळणी बिघडून लघवीवाटे प्रथिने वाहून जाणे आणि अंगाला सूज येणे हा विकार वैद्यकाला नवा नाही. परंतु त्याचा एक विरळा प्रकार रुग्णांत लागोपाठ दिसू लागला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात या विकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १५ जणांना तो विरळा प्रकार होता आणि या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारे क्रीम लावत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांना उतार पडला.

त्याच सुमारास आपल्या विदर्भातल्या एका घरातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा तिघीही एकच क्रीम वापरत असल्याचे निघाले आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, त्यामुळे काही दिवसांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो; पण तोच पारा कातडीवाटे रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला जाऊन भिडतो. डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळली, तर आपल्या नियमांप्रमाणे प्रसाधनात अजाणता आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. केरळ सरकारच्या औषध नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन सौंदर्य’ ही मोहीम काढली, तेव्हा काही नमुन्यांत ही मर्यादा १२ हजार पटींपर्यंत ओलांडलेली आढळल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले.

अशा बातम्यांवर घराघरांतली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘कशाला हवीत ही थेरं? आमच्या आईनं जन्मभर डाळीचं पीठ लावलं,’ असे म्हणून आपण वर्तमानपत्राची घडी घालतो. पण विदर्भातल्या त्या घरात क्रीम आले होते ते स्थानिक ब्यूटिशियनकडून. म्हणजे त्या घराने कुणाला तरी विचारले होते, आणि जाणकार समजूनच विचारले होते. तेव्हा दोष अकलेच्या माथी मारून चालणार नाही. खरा प्रश्न असा, की चेहऱ्याला काय लावावे याचा सल्ला आज कुणाकडे मागावा आणि त्या सल्ल्याची हमी कोण घेतो?

तारण नसलेले कर्ज

माझी उमेद बँकेच्या नोकरीत गेली. कर्जाच्या फाइली चाळताना अंगी मुरलेली एक सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. माणूस कितीही गोड बोलो, दोन गोष्टी पाहायच्या: ओळख आणि कागद. नुसत्या ओळखीवर दिलेले कर्ज बुडते, आणि नुसता कागद पाहून दिलेले कर्जही बुडते. सौंदर्याच्या बाजाराकडे पाहताना मला हीच जोडी आठवते. याला कारण एक जुनी खातेदार.

१९९३ च्या गांधी जयंतीला पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. सुशिक्षित बेरोजगारांना लहानशा धंद्यासाठी विनातारण कर्ज देणारी ही योजना. त्या वर्षांत मी मुंबईच्या एका उपनगरी शाखेत होतो. अर्जांच्या गठ्ठ्यात झेरॉक्सचे दुकान, एसटीडी बूथ आणि ब्यूटी पार्लर हे तीन धंदे हटकून असायचे. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जगज्जेत्या ठरल्या आणि पार्लरच्या अर्जांना आणखी भर आला. त्यांतल्या एका अर्जदार मुलीने दहा बाय दहाच्या खोलीत पार्लर थाटले, हप्ते वेळेवर फेडले आणि पुढे ती मालिकांच्या सेटवर काम करू लागली. आज पन्नाशी ओलांडलेल्या या बाई आपल्या धंद्यात मान असलेल्या रंगभूषाकार आहेत. मला अजूनही ‘साहेब’च म्हणतात.

सेटवरची सुरुवातीची बरीच वर्षे त्या कागदोपत्री ‘हेअर ड्रेसर’ होत्या. कारण मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकारांच्या संघटनेने कित्येक दशके स्त्रियांना मेकअपचे कार्डच दिले नाही. बाईने केस विंचरावेत आणि चेहरा पुरुषाने रंगवावा, असा दंडक होता. चारू खुराणा या रंगभूषाकार त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. रंगभूषा ही केवढी मोठी विद्या आहे, हे मराठी प्रेक्षकाला ‘बालगंधर्व’ चित्रपटाने दाखवले. सुबोध भावे यांना नारायणराव राजहंसांचे रूप देणारे विक्रम गायकवाड यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मे २०२५ मध्ये ते गेले. मात्र चेहऱ्याविषयीचे हे जाणतेपण बराच काळ पुरुषांच्या पेटीत बंद राहिले आणि घरातल्या बाईला सल्ला मिळत राहिला तो जाहिरातीचा.

उद्याचा चेहरा

चांगला सल्ला कसा ओळखावा, असे मी या बाईंना एकदा विचारले. त्या म्हणाल्या, ‘साहेब, मी एखाद्या मुलीला चुकीचं काही लावलं, तर उद्या सकाळी सातला तोच चेहरा माझ्यासमोर येऊन बसतो. पुरळ आलं तर शूटिंग बंद आणि माझं कामही बंद. म्हणून माझा सल्ला बरा असतो. मी काही फार हुशार आहे असं नाही.’

कर्ज खात्यातल्या माणसाला हे लगेच पटावे. ज्याला उद्या पुन्हा तोंड दाखवायचे आहे, तो आज जपून बोलतो. चाळीतली एखादी काकू नव्या सुनेला शिकेकाई सांगायची, तेव्हा चुकल्यास नळावर जाब द्यावा लागेल, हे तिला ठाऊक असायचे.

बाईंची दुसरी कसोटी याहून सोपी आहे. सल्ला देणारा आधी प्रश्न विचारतो का, ते पाहा. सध्या काय लावता, कशाने खाज सुटली होती, कोणते औषध चालू आहे, उन्हात किती हिंडता, दिवस गेले आहेत का, हे न विचारता जो थेट बाटली पुढे करतो, तो सल्लागार नसून विक्रेता आहे. मुरुम चिघळलेले असतील, वांग पसरत असेल किंवा पांढरा डाग दिसत असेल, तर त्या स्वतः हात लावत नाहीत, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवतात. ‘जे आपलं काम नाही ते नाही म्हणणारा माणूस भेटला, की त्याचा पत्ता जपून ठेवावा,’ असे त्यांचे म्हणणे.

वस्तू पारखण्याच्या त्यांच्या रीती अगदी घरगुती आहेत. फाउंडेशनची छटा मनगटावर लावून पाहू नये. मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो. ती जबड्याच्या कडेला लावावी, दुकानाच्या दिव्यांतून बाहेर येऊन दिवसाच्या उजेडात पाहावी आणि अर्धा तास थांबावे, कारण घाम आणि हवा लागल्यावर रंग बदलतो. नवी वस्तू प्रथम कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी. केसांच्या कलपाच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नये. काळ्या कलपात आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात बहुधा असणारे पॅराफिनिलिन डायअमाइन हे रसायन काहींना इतके बाधते, की चेहरा सुजून डोळे मिटतात. ही चाचणी घ्या, असे कलपाच्या वेष्टनावर छापलेले असते. आपण ते वेष्टन फाडून आधी केराच्या टोपलीत टाकतो.

‘नैसर्गिक’ या शब्दाला त्या भुलत नाहीत. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे उठतात, हे त्यांनी पाहिले आहे. निसर्गातून येते ते सगळे निरुपद्रवी, असे मानायचे तर हिंगूळही खनिजच आहे, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचेच संयुग. टिकलीसारख्या सोज्वळ वस्तूचीही तीच कथा. काही टिकल्यांच्या गोंदातील एका रसायनामुळे कपाळावर नेमक्या टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले माहीत आहे. बाई लोकांना घाबरवत मात्र नाहीत. त्यांच्या मते साध्या घरातील स्त्रीला पाच वस्तू पुरतात: चेहरा धुण्यासाठी सौम्य काहीतरी, एक मॉइश्चरायझर, उन्हासाठी सनस्क्रीन, काजळ आणि शोभेल ती लिपस्टिक. यांतली कोणतीही महागच असली पाहिजे, असे नाही. पुष्कळदा जास्तीचे पैसे बाटलीच्या काचेचे आणि जाहिरातीतल्या चेहऱ्याचे असतात.

एका बाबतीत मात्र त्या कठोर होतात. ‘सात दिवसांत उजळणार, असं कुणी म्हटलं तर घाबरा. खरं काम करणारी वस्तू इतकी घाई करत नाही.’ बँकवाल्याला यात दामदुप्पट योजनांचा सूर ऐकू येतो. झटपट उजळवणाऱ्या मालात पारा नसला, तर पुष्कळदा स्टेरॉइड निघते. काही त्वचारोगांवर डॉक्टर मोजक्या दिवसांसाठी देतात ते मलम केमिस्टकडून परस्पर आणून महिनोन्‌महिने चोळले जाते. कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, बारीक लव वाढते, आणि मलम थांबवले की आग होते म्हणून पुन्हा तेच लावले जाते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षे आवाज उठवल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. औषध आणि प्रसाधन यांमध्ये कायद्याने घातलेली भिंत अशी कामाची आहे. पण चिठ्ठी मागणारा केमिस्ट आपल्या गल्लीत किती वेळा भेटतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

सल्ल्याचे पैसे कोण देतो?

प्रसाधनांचा बाजार आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचे ‘अफगाण स्नो’ १९१९ सालचे. टाटांचे ‘लॅक्मे’ १९५२ चे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ चे. पण त्या काळी जाहिरात जाहिरातीच्या जागी असे आणि सल्ला सल्ल्याच्या जागी. चित्रपटाच्या मध्यंतरात दिसलेली नटी आपल्याला सल्ला देत नसून साबण विकत आहे, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

आता ही सीमारेषा पुसली गेली आहे. मोबाइलच्या पडद्यावर एखादी मुलगी आपल्याच पुतणीसारखी बोलते, स्वतःच्या खोलीत बसून क्रीम लावून दाखवते आणि ‘मैत्रिणींनो, मला याचा फार फायदा झाला’ असे सांगते. तिला त्यासाठी पैसे मिळाले आहेत का, हे तिने सांगितल्याखेरीज कळायला मार्ग नाही. या धंद्यात पैसाही तसाच मोठा आहे. गुंतवणूक बँकिंगमधून आलेल्या फाल्गुनी नायर यांनी २०१२ साली सुरू केलेली ‘नायका’ नऊ वर्षांत शेअर बाजारात पोहोचली. २०२० साली निघालेल्या ‘मिनिमलिस्ट’ या जयपूरच्या छापाचा नव्वद टक्क्यांहून अधिक हिस्सा घेण्याचा करार हिंदुस्तान युनिलिव्हरने जानेवारी २०२५ मध्ये सुमारे २,७०० कोटी रुपयांना केला. यात गैर काही नाही. धंदा वाढावा, मुलींना रोजगार मिळावा. मुद्दा एवढाच, की जिथे एवढे पैसे फिरतात, तिथे फुकट मिळणाऱ्या सल्ल्याचे बिल कुणीतरी भरत असते.

कर्जाला जामीन राहणाऱ्या माणसाची जबाबदारी काय असते, हे १८७२ च्या करार कायद्याने सांगून ठेवले आहे. एरवी वेगळे ठरले नसेल तर कर्जदार जितका बांधील, तितकाच जामीनदार. म्हणूनच बँकेत सही करताना सख्खा भाऊसुद्धा दोनदा विचार करतो. मोबाइलवरची मुलगी काय किंवा टीव्हीवरचा नट काय, वस्तूला जामीनच राहतात. पण त्यांची सही कुठेच नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती थोडीशी आणली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल आता उत्पादकाबरोबर शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, गुन्हा पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत. आणि एक ते तीन वर्षे शिफारस करण्यास बंदीही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने स्पष्ट केले, की समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्याने पैसे, भेटवस्तू किंवा फुकटचा माल घेतला असेल, तर तसे ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगितले पाहिजे. ग्राहकांच्या अभिप्रायांत होणाऱ्या लबाडीला आळा घालण्यासाठी भारतीय मानक संस्थेने २०२२ मध्ये एक मानकही काढले. मात्र ते ऐच्छिक ठेवले गेले.

कायदा कागदावर चांगला आहे. पण ज्याने त्वचा भाजून घेतली, तो तक्रारीपर्यंत क्वचितच पोहोचतो. रक्कम दीडशे-दोनशे रुपयांची, पावती नाही, आणि गोरे होण्यासाठी काही लावले होते हे चारचौघांत सांगायची लाज. बुडीत कर्जात बँक निदान वसुलीचा दावा लावते. इथे बुडालेलाच गप्प बसतो आणि तोच माल दुसऱ्या गावात विकला जातो.

ओळख आणि कागद

विदर्भातल्या घटनेचा धडा इथे आठवायला हवा. ब्यूटिशियन गावातलीच. तिलाही उद्या तोच चेहरा दिसणार होता. तरी घात झालाच. क्रीममध्ये काय आहे याची तिला तरी कल्पना असेल, असे मानायला आधार नाही. तेव्हा नुसती ओळख पुरत नाही, कागदही पाहावा लागतो. प्रसाधनाचा कागद म्हणजे त्याच्या डबीवरची बारीक अक्षरे.

२०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे या अक्षरांत उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख आणि घटकांची यादी असावी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. त्यामुळे डबीवर केशराचे मोठे चित्र आणि यादीत केशर अगदी तळाशी असेल, तर आपण चित्राचे पैसे देत आहोत, हे समजावे. माल परदेशी असेल, तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवाच. नुसती अगम्य परदेशी लिपी आणि सोनेरी झाकण असलेली डबी कुणी ‘खास ओळखीतून’ आणून दिली, तर ती परत करावी. बाई म्हणतात, ‘पत्ता नसलेल्या माणसाला तुम्ही कर्ज द्याल का, साहेब? मग पत्ता नसलेलं क्रीम पोरीच्या तोंडाला कसं लावता?’ या प्रश्नावर माझ्या सगळ्या नोकरीत मला कुणी निरुत्तर केले नसेल इतका मी निरुत्तर झालो.

अर्थात लेबल कितीही वाचले, तरी मागणी जिथे जन्मते ते ठिकाण डबीवर छापलेले नसते. ते आपल्या घरात आहे. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले. नावातला गोरेपणा गेला. पण वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ अशी प्रतवारी धान्यासारखी छापली जात आली, आणि लग्नाच्या बैठकीत आजही मुलीचे शिक्षण ऐकताना नजर तिच्या रंगाकडे जाते. घरातल्या थोरांनी हे थांबवले नाही, तर पाऱ्याची डबी एका दुकानातून हटवली तरी दुसऱ्या दारातून येणारच. ज्या बाईने तीस वर्षे चेहरे रंगवले, तिचा या बाबतीतला निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे: ‘रंग जुळवायचा असतो, बदलायचा नसतो. बदलून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नये.’

आमच्या पिढीला यात एक काम करता येण्यासारखे आहे. मुदत ठेवीच्या पावतीवरची शेवटची ओळसुद्धा आम्ही चष्मा लावून वाचतो, औषधाची तारीख तपासल्याखेरीज केमिस्टचे दुकान सोडत नाही. घरातली नात किंवा सून नवी डबी घेऊन आली, तर तिला उपदेश करू नये आणि तिच्या हौसेला हसूही नये. डबी हाती घ्यावी, चष्मा लावावा आणि बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखवावीत. पत्ता सापडला तर डबी परत तिच्या हाती द्यावी. नाही सापडला तर हे तुला कुणी सांगितले, एवढेच शांतपणे विचारावे.